माशी

जो ठिपका काचेवरून सरकतो, त्याची काळजी सोड,
तो त्याच्या वाटेने चाललाय.
जो जागचा हलत नाही
आणि नुसता मोठा होत जातो,
तो आपल्याकडे येतोय.

बावीस वर्षं मी हेच सांगतेय.
नैरोबीत, विल्सनच्या धावपट्टीवरून
पोरांना वर नेते आणि खाली आणते.
पलीकडे मोठा विमानतळ, तिकडची जंबो विमानं
ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या उंचीवरून उतरतात.
खाली आमची दाटी:
केळीच्या पानांत बांधलेल्या मिराच्या जुड्या घेऊन
सोमालियाकडे निघालेली मालवाहू,
सिंह बघायला आलेले पाहुणे,
डॉक्टरांचं विमान, आणि आम्ही शिकाऊ.
सगळ्यांना मिळून एकच फ्रिक्वेन्सी.
दोघं एकदम बोलले तर बाकीच्यांना नुसती किंचाळी ऐकू येते
आणि त्या दोघांना वाटतं,
आपण सांगितलं.

ज्याचे पंख वर, त्याला वरचं दिसत नाही.
ज्याचे पंख खाली, त्याला खालचं.
असे दोघं एकावर एक, एकाच धावपट्टीकडे
अगदी शिस्तीत उतरत येऊ शकतात.
मी हे पाहिलेलं नाही. ओदुओरने पाहिलंय.
तो आता उडत नाही, मटाटू चालवतो,
आणि प्रवासी म्हणतात,
हा माणूस आरशात फार बघतो.

मंगळवारी न्गोंगच्या टेकड्यांकडून परत येत होतो.
सात हजार फूट, सकाळचं ऊन थेट तोंडावर.
मुटिंडा म्हणाला, काचेवर माशी चिकटलीय, मॅडम.
म्हटलं, मान हलव.
काचेवरची असेल तर क्षितिजावरून सरकेल.
त्याने मान डावीकडे नेली,
उजवीकडे नेली.
माशी क्षितिजाला धरून बसलेली.

कंट्रोल माझ्याकडे, मी म्हटलं.
एवढंच. आवाज चढवला नाही,
चढवायला वेळही नव्हता.
उजवीकडे कलून नाक खाली घातलं,
आणि आमचा डावा पंख उचलला गेला तशी
त्याच्याखालून माशी दिसली:
तिला चाकं होती, शेपटी होती,
शेपटीवर अक्षरं होती,
आणि पांढऱ्या पोटावर
इंजिनापासून मागपर्यंत गेलेला
तेलाचा एक काळा ओघळ.
तो मला अजून हाताने काढून दाखवता येईल.

मग पुन्हा आकाश. टॉवरने हवेचा दाब सांगितला,
मी तो परत म्हणून दाखवला.
मुटिंडा धावपट्टी येईपर्यंत मान हलवत होता,
डावीकडे, उजवीकडे,
जणू कोणी त्याला काही विचारलंय
आणि तो नाही म्हणतोय.

कॅन्टीनमध्ये चहा घेतला, मंडाझी घेतली.
कुंपणापाशी तीच अक्षरं उभी होती.
त्यांचा पायलट आमच्याच टेबलावर येऊन बसला,
किप्रोनो, चोवीस-पंचवीसचा, शर्टाला कडक इस्त्री.
टॅबलेट पालथा ठेवला, हात चोळले,
म्हणाला, आज काय सुरेख होतं वर!
आकाश मोकळं, एक पाखरू आडवं आलं नाही.

मुटिंडाने माझ्याकडे बघितलं.
ओरडायचं होतं. बरंच काही होतं बोलायचं,
बावीस वर्षांचं.
मी साखरेची वाटी त्याच्याकडे सरकवली.
म्हटलं, तुझ्या विमानाच्या पोटाला तेल आलंय,
मेकॅनिकला दाखवून घे.

तो हसला. तुम्हाला कसं कळलं?
ते तर खाली उताणं झोपल्याशिवाय दिसत नाही.

मी काही बोलले नाही.
त्याचा चमचा कपात थांबला.
मग बराच वेळ
तो जागचा हलला नाही.